शेवटचा नंबर कुणाचा

सोमवार, ६ जानेवारी २०२५. सांगली

शिबिराचा पहिला दिवस निभावला. आत्ता संध्याकाळचे सात वाजलेत. सोनिया आंघोळीला गेली आहे आणि तिची बादली भरेपर्यंत मी हे लिहून घेतेय.

सकाळी आठलाच कुपवाडच्या हॉलबाहेर दुचाक्यांना जागा उरली नव्हती. फौंड्रीतले, लेथवरचे, पेंटिंगच्या शेडमधले असे सगळे कामगार. छातीचा एक्स-रे, श्वासाची ताकद, रक्त. तीन दिवसांत अकराशेवर माणसं तपासायची आहेत. कारखानदारांच्या मंडळाने हे काम आमच्या सात माणसांच्या ऑफिसला दिलं आणि ऋषिराज सरांनी सगळं सॉफ्टवेअर माझ्या एकटीवर टाकलं. "संयोगिता, हे नीट झालं तर पुढचं शिबिर साताऱ्याला. तेही आपलंच."

चार काउंटर, चार लॅपटॉप. माणूस आला की नाव, वय, कारखाना भरायचा आणि सेव्ह दाबायचं. लगेच त्याचं नाव आणि टोकन नंबर छापलेली चिठ्ठी बाहेर पडते. पुढं एक्स-रेवाला आणि रक्तवाला फक्त टोकन नंबर बघतात. शेवटच्या टेबलावर चिठ्ठी घेतात आणि केळं नि भडंगाची पुडी देतात. सोनियाला मीच दोन नंबरच्या काउंटरवर बसवून घेतलं. खोलीत दोघी राहतो, तिला कामाची गरज होती आणि तिचा टायपिंगचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे.

ऑफिसात माझ्या लॅपटॉपवर दोनशे वेळा करून बघितलं होतं. दोनशे वेळा बरोबर. शनिवारी घाईत एक ओळ बदलावी लागली, तीही चालली. आज दिवसभरात चारही काउंटर मिळून एकदासुद्धा एरर आली नाही. एकदासुद्धा!

बुधवार, ८ जानेवारी

संपलं. एकूण ११४६.

डॉ. मुजावर बाई मिरजेहून आलेल्या. कामगारांच्या आजारांवर वीस वर्षं काम करतात, कौतुक सहसा करत नाहीत. जाताना म्हणाल्या, "पहिल्यांदा एवढ्या माणसांत रजिस्टर शोधत बसावं लागलं नाही." मी दिवसभर ते वाक्य तोंडात खडीसाखरेसारखं घोळवतेय.

चिठ्ठ्यांची तीन पोती झाली, एकेका दिवसाचं एक. सर म्हणाले, सगळं कॉम्प्युटरात आहे, आता ह्यांचं काय लोणचं घालायचंय? रद्दीत द्या.

सोमवार, २७ जानेवारी

रिपोर्ट वाटून झाले. ६१ जणांना 'पुढील तपासणी आवश्यक'. बाकीच्यांना 'दोष आढळला नाही'. सरांनी ऑफिसला पेढे आणले.

सोमवार, २४ मार्च

बरेच दिवस वही उघडली नव्हती. आज उघडावी लागली.

दुपारी एक मुलगा ऑफिसात आला. दिग्विजय नाव, चोवीस-पंचवीसचा, कुपवाडच्या एका मोठ्या शेडमध्ये लेथ चालवतो. हातात दोन लिफाफे. पहिल्यात आमचा रिपोर्ट: दोन्ही फुफ्फुसांत वाळूच्या धुळीचे डाग, श्वासाची ताकद निम्म्यावर. दुसऱ्यात मिरजेला स्वतः काढून घेतलेला एक्स-रे. स्वच्छ.

"मॅडम, मी लेथवर. वाळूचा आन माझा संबंध काय? फौंड्री आमच्या भिंतीच्या पलीकडं हाय, मी तिकडं जात बी न्हाई."

तो मोठ्याने बोलत नव्हता, तेच जास्त लागत होतं. रिपोर्ट आल्यावर मालकाने त्याला घरी बसवलं. तासगावची सोयरीक ठरली होती, ती मोडली. "फुफ्फुसाचा आजार म्हणल्यावर कोण देतंय पोरगी? आईनं दोन महिनं मला पळायला बी जाऊ दिलं न्हाई. आन मला तर दम लागतच नव्हता. मलाच वाटाय लागलं, की आपल्याला कळत न्हाई, आतून काय तरी झालंय."

सरांनी त्याला बसवलं, चहा दिला. तो गेल्यावर विचारलं, "कुठल्या काउंटरला होता?" मी बघितलं. दोन नंबर. सोनिया.

त्याच्या नावावर दोन टोकन दिसताहेत. एका माणसाला एकच हवं. म्हणजे तिने सेव्ह दोनदा दाबलं असणार आणि दुसऱ्या कुणाची तरी तपासणी ह्याच्या नावावर गेली असणार. मी सरांना तसं सांगितलं. तसंच असणार.

मंगळवार, २५ मार्च

सरांनी सोनियाला साताऱ्याच्या शिबिराला घ्यायचं नाही असं ठरवलं. फोन मला करायला लावला नाही, एवढं बरं.

ती खोलीत येऊन म्हणाली, "मी दोनदा दाबलं असतं तर चिठ्ठ्या दोन निघाल्या असत्या. एका माणसाच्या हातात दोन चिठ्ठ्या बघितल्यास का तू एकदा तरी?"

मी म्हटलं, गर्दीत कळत नाही.

"मला कळतं," ती म्हणाली आणि गॅसकडे वळली.

तिला राग आला की ती पोळ्या फार पातळ लाटते. आजच्या पोळ्यांतून ताट दिसत होतं.

गुरुवार, २७ मार्च

नीट लिहायला हवं. एकेक करून.

सोनियाचं वाक्य डोक्यातून जाईना म्हणून आज डेटाबेसला विचारलं: ज्यांच्या नावावर दोन तपासण्या आहेत, असे किती? वाटलं होतं दोन-तीन निघतील. ३१ निघाले. चारही काउंटरवरचे. मग उलट विचारलं: ज्यांच्या नावावर एकही तपासणी नाही, असे किती? तेही निघाले. आणि असा प्रत्येक माणूस आणि दोन तपासण्यांचा माणूस यांची नोंद एकाच सेकंदात झालेली.

सोनियाने काही केलेलं नाही. ती माझी शनिवारची ओळ आहे.

कामगाराची नोंद झाली की डेटाबेस स्वतःच त्याला पुढचा आयडी देतो. ४१५, ४१६, ४१७. तो आपण द्यायचा नसतो, म्हणून तो आपल्याला आधी ठाऊकही नसतो. पण तपासणीचं टेबल वेगळं आहे. त्यात 'ही तपासणी अमक्या आयडीच्या माणसाची' असं लिहावं लागतं. म्हणजे नोंद केल्या केल्या डेटाबेसला विचारायचं, की मी आत्ता जी नोंद केली तिला तू कोणता आयडी दिलास? असं विचारायची सोय आहे, आणि ती नेमकी आपल्याच नोंदीचं उत्तर देते. शनिवारी ते कुठंतरी अडत होतं म्हणून मी तात्पुरतं दुसरंच विचारलं: टेबलातला सगळ्यात मोठा आयडी कोणता?

एकटा लॅपटॉप असेल तर दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच येतं. म्हणून दोनशे वेळा बरोबर आलं.

एक नंबरच्या काउंटरवर ४१७ ची नोंद झाली. तो आपला प्रश्न विचारायच्या आत दोन नंबरवर ४१८ ची नोंद झाली. मग दोघांनीही विचारलं, सगळ्यात मोठा कोणता? दोघांनाही उत्तर मिळालं ४१८. दोघांच्याही तपासण्या ४१८ च्या नावावर. ४१७ कोरा. एरर कशी येईल? ४१८ हा माणूस खरोखरच आहे.

४१८ म्हणजे दिग्विजय. रिपोर्ट काढताना माझा प्रोग्रॅम त्याच्या दोन तपासण्यांतली नंतरची उचलतो, आणि ती ४१७ ची होती.

आणि ज्याच्या नावावर काहीच नाही त्याला? तिथं मी लिहून ठेवलंय: दोषाची नोंद सापडली नाही, तर 'दोष आढळला नाही' छाप.

४१७. तात्याबा. वय ५२. त्याच कारखान्याची फौंड्री, वाळूच्या फवाऱ्याने ओतीव काम घासायचा विभाग.

दोन महिने तो माणूस 'दोष आढळला नाही' घेऊन वाळूत उभा आहे.

शुक्रवार, २८ मार्च

आधी सरांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. फौंड्रीवर गेले. का, ते माहीत नाही. बहुधा तात्याबा धडधाकट दिसावा, अशी आशा होती.

गेटवर बोलावून घेतलं. उंच, वाळलेला माणूस. डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं, तर फडक्याच्या रेघेवर चेहऱ्याचे दोन रंग. मूळचे वडूजकडचे, मेंढरं पाळणाऱ्यांच्या घरातले, बारा वर्षं इथं. मी म्हटलं, शिबिराच्या ऑफिसातून आलेय, तुमच्या रिपोर्टात कदाचित चूक असेल, एकदा परत एक्स-रे काढू या का?

"आवं ताई, कागद बरोबर हाय की. दोष न्हाई म्हणलंय."

"तो चुकून छापला गेला असेल तर?"

"शिक्का हाय त्याच्यावर." ते हसले आणि हसता हसता खोकले. बराच वेळ. कडेला जाऊन थुंकले, पायाने माती लोटली. "धूळ हाय हितं. घसा धरतोय. मला काय धाड भरलीया?"

मी समजावून सांगत राहिले. त्यांना कॉम्प्युटरचं कळलं नसावं. मध्येच त्यांनी भलतंच विचारलं, "त्या लेथवरच्या पोराचं काय झालं वो? घरी बसवलं त्याला?"

मी म्हटलं, त्याचंही बघतोय आम्ही.

"बघा," ते म्हणाले. "माझं मे-पतुर ऱ्हाऊ द्या तसंच." आणि आत गेले.

मे का, ते विचारायचं राहिलं.

शनिवार, २९ मार्च

सरांना सगळं सांगितलं. ती ओळही दाखवली. त्यांनी दार लावून घेतलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

"साताऱ्याचा करार दोन तारखेला आहे," ते म्हणाले. "बुधवारी सही झाली की गुरुवारी आपण स्वतः सगळ्यांना कळवू. चारच दिवस."

"तो माणूस आजही वाळूत आहे, सर."

"बारा वर्षं वाळूत आहे. चार दिवसांत काय नवीन होणार? आणि आत्ता बोललो तर साताराही गेला आणि हे सात लोकांचं ऑफिसही. त्यात तूही आलीस." मग थोडं थांबून, "चूक तुझी आहे, हे मी कुणालाही सांगणार नाही."

खरं सांगायचं तर ते शेवटचं वाक्य ऐकून बरं वाटलं. आणि चार दिवसांत काय होणार हेही पटलं. मी हो म्हटलं.

रविवार, ३० मार्च. पाडवा. कोयनानगर

सकाळच्या एसटीने घरी आले. गुढी, श्रीखंड, सगळं झालं. बाबा निवृत्त होऊनही अजून सवयीने धरणाच्या पाण्याची पातळी सांगतात. जेवताना भूकंपाच्या नेहमीच्या धक्क्याने कपाटातली भांडी जराशी खुळखुळली. कुणी मान वर केली नाही. आई म्हणाली, आमटी घे.

मग तिने विचारलं, "सोनियाला का नाही आणलंस? दर सणाला येते पोरगी."

मी म्हटलं, तिला काम आहे.

तिला काम नाही. माझ्यामुळे नाही. आईने तिच्यासाठी डब्यात श्रीखंड भरून दिलंय. तो डबा परतीच्या गाडीत मांडीवर घेऊन बसायचंय.

सोमवार, ३१ मार्च

डबा सोनियाच्या हातात दिला आणि सांगितलं. उभ्या उभ्याच.

तिने शांतपणे विचारलं, "तुला कधी कळलं?"

"गुरुवारी."

तिने बोटं मोजली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. "चार दिवस. त्यातले तीन दिवस माझ्या समोर जेवत होतीस." डबा तिने ओट्यावर ठेवला. उघडला नाही.

तिथून सरळ मिरजेला डॉ. मुजावरांकडे गेले. सरांना फोन केला नाही. दवाखान्यात गर्दी होती, तरी त्यांनी आत घेतलं. मी कागदावर दोन चौकोन काढून समजावलं, सरांनी मागितलेले चार दिवसही सांगितले. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे बाळंतपणाच्या वॉर्डात जाऊन तुम्ही 'माझं बाळ कोणतं' असं विचारायच्या ऐवजी 'शेवटी जन्मलेलं कोणतं' असं विचारलंत."

"हो."

"आणि ज्या आईला बाळ मिळालंच नाही, तिला सांगितलंत की तुम्हाला काही झालेलंच नाही."

मी चौकोनांच्या कागदाची घडी घातली.

"हा तात्याबा आत्ता कुठं आहे?"

"कामावर."

"मग आपण इथं का बसलोय?" त्या उठल्याच. बाहेरच्या पेशंटना म्हणाल्या, दोन तास लागतील, ज्यांना घाई असेल त्यांनी उद्या या. कुणी हललं नाही.

तात्याबांना बाईंनी कंपनीच्या गेटवरूनच गाडीत घातलं. त्यांनी डोक्याचं फडकं सोडून मांडीवर ठेवलं. मिरजेला त्यांचा नवा एक्स-रे काढला आणि त्याच्याशेजारी बाईंनी शिबिरातला एक्स-रे धरला, जो दिग्विजयच्या नावावर होता. तेच डाग, त्याच जागी. एक खालचा थोडा मोठा झालेला.

"तीन महिन्यांत?" मी विचारलं.

बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमच्या सरांना सांगा, चार दिवसांचा हिशेब मला विचारायला या म्हणावं."

मंगळवार, १ एप्रिल

काल मला वाटलं होतं, ३१ जोड्या म्हणजे बासष्ट माणसं. तेवढी दुरुस्त केली की झालं.

सकाळी बसमध्ये लख्ख दिसलं की तसं नाही. चार काउंटर आहेत. पहिल्याची नोंद, मग दुसऱ्याची. पहिल्याने विचारलं, त्याला दुसऱ्याचा आयडी मिळाला. दुसऱ्याने विचारायच्या आत तिसऱ्याची नोंद झाली, म्हणून दुसऱ्याला तिसऱ्याचा आयडी मिळाला. आता पहिला कोरा, तिसऱ्याच्या नावावर दोन, आणि मधला? मधल्याच्या नावावर एकच तपासणी. बघायला अगदी बरोबर. पण ती पहिल्याची.

असे मधले किती आहेत, ते डेटाबेस कधीच सांगू शकणार नाही. माणूस आणि टोकन एकत्र असलेली एकच गोष्ट जगात होती, ती चिठ्ठी. ती पडद्यावर टाइप केलेल्या नावावरून छापली जायची, आयडीवरून नाही. चिठ्ठ्या खऱ्या आहेत. चिठ्ठ्या रद्दीत आहेत.

ऑफिसात गेले. सरांना डॉक्टरबाईंचा फोन आलेला होता. टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवून ते बसले होते.

"मी चार दिवस मागितले होते तुझ्याकडे."

"सर, पोती कुठं आहेत?"

"ऐकतेस का तू मी काय म्हणतोय?"

"सर, अकराशे सेहेचाळीस माणसांपैकी कुणाचा रिपोर्ट कुणाचा आहे, ते आपल्याला माहीत नाही. बासष्ट नाहीत. सगळे. पोती कुठं आहेत?"

त्यांचा चेहरा उतरला. मला वाटतं, तोवर त्यांनाही बासष्टच वाटत होते. ते उठले आणि गाडीची किल्ली घेतली. रद्दीवाल्याकडे आम्ही दोघं गेलो. दोन पोती कोपऱ्यात होती, वर ताडपत्री पडलेली. तिसरं, मंगळवारचं, गेलेलं. "शेव-चिवडावाल्यानं नेलं, साहेब, पुड्या बांधाय."

सरांनी स्वतः पोतं पाठीवर घेतलं. शर्टाला भुसा लागला, झटकला नाही.

बुधवार, २ एप्रिल

सातारचा करार आज होता. सकाळी नऊला सरांनी आमच्यासमोर, स्पीकरवर, तिथल्या अधिकाऱ्यांना फोन करून सगळं सांगितलं. पलीकडून आधी दोन-चार प्रश्न आले. मग, "सही आज नको. आधी तुमचं घर आवरा."

आम्ही चिठ्ठ्या जमिनीवर पसरल्या. एकाने नाव नि टोकन वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर बघायचं. साडेदहाला दारात सोनिया उभी. तिला सरांनी बोलावलं होतं, माफी मागितली होती म्हणे. ती माझ्या समोर बसली. दिवसभर वाचत होती, "दोनशे एकोणीस, नानासो, बरोबर. दोनशे वीस, मानसिंग, चूक." दुपारी डबा बाहेर पायरीवर जाऊन खाल्ला.

शुक्रवार, ४ एप्रिल

दोन दिवसांच्या चिठ्ठ्या जुळवून झाल्या. ७५१. त्यात ५३ चुकीच्या. त्यांतले अकरा 'मधले', जे मला कधीच सापडले नसते. एकाला 'दोष आढळला नाही' होतं आणि त्याच्या रक्तात शिसं आहे. पेंटिंगच्या शेडमधला, नाथाजी नावाचा माणूस. डॉ. मुजावरांनी तासाभरात त्याला बोलावून घेतलं.

मंगळवारच्या ३९५ जणांना परत तपासावं लागणार. एक्स-रेचं सगळं नव्यानं. सरांनी हो म्हटलं, किती जाईल ते विचारलंही नाही.

सगळ्यांना जायच्या पत्राचा मसुदा सरांनी केला होता. 'तांत्रिक कारणांमुळे'. मी ते काढून लिहिलं: 'नोंदी जोडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चूक होती. तो प्रोग्रॅम मी लिहिला होता.' खाली माझं नाव. सरांनी वाचलं, पेन उघडलं, आणि माझ्या नावाखाली आपलंही लिहिलं.

सोमवार, ७ एप्रिल

दिग्विजयला नवा रिपोर्ट आणि पत्र घरी नेऊन दिलं. आई दारात होती. तिने पत्र उलटंपालटं करून बघितलं. "आदी बी असाच शिक्का हुता," म्हणाली.

कामावर त्याला परत घेतलंय. तासगावला त्याने मिरजेचा स्वच्छ एक्स-रे आधीच पाठवला होता. उत्तर आलं, की मुलीचं दुसरीकडे जमलंय. मी माफी मागितली. तो म्हणाला, "मॅडम, रागवायचं म्हणलं तर तुमच्याकडं बघून रागवाय बी येईना. तुमी जावा आता."

गेले.

मंगळवार, २२ एप्रिल

फेरतपासणी संपली. आणखी दोघांच्या छातीत डाग सापडले, दोघांच्या हातात 'दोष आढळला नाही' होतं.

सोनियाने माधवनगरला खोली बघितली. श्रीखंडाचा डबा घासून माझ्या कपाटात ठेवलाय.

सोमवार, २८ एप्रिल. सातारा

फेरतपासणीनंतर सही मिळाली आणि साताऱ्याचं शिबिर झालं, उशिरा का होईना. आता प्रोग्रॅम फक्त स्वतःच्या नोंदीचा आयडी विचारतो. माणूस आणि तपासणी दोन्ही एकत्रच सेव्ह होतात, नाही तर एकही होत नाही. तपासणी सापडली नाही तर कागदावर 'तपासणीची नोंद नाही' असं लाल अक्षरात येतं. आदल्या दिवशी आठ लॅपटॉपवर आठ जणांना बसवून 'एक दोन तीन' म्हणून सेव्ह दाबायला लावलं. पाचशे वेळा. आठपैकी एक सोनिया होती, कामासाठी आलेली. चारशेव्या वेळी तिने मान वर करून विचारलं, "चहा आहे का?" मी आणून दिला.

चिठ्ठ्या जपून ठेवल्यात. पोत्यात नाही, पेटीत, कुलपात.

रविवार, ११ मे. वडूज एसटी स्टँड, दुपारी साडेतीन

तात्याबांनी महिन्यापूर्वीच काम सोडलं आणि गावी गेले. औषधं चालू आहेत. हा आजार बरा होत नाही, फक्त वाढायचा थांबतो, तोही वाळूपासून लांब राहिलं तर. विम्याच्या अर्जावर सही हवी होती. पोस्टाने पाठवता आला असता. मी घेऊन आले.

गाव वडूजपासून सात-आठ किलोमीटर आत आहे. घरापुढं लिंबाखाली खाट, पलीकडं जाळीत पाच मेंढरं. तात्याबांची बायको अंबूबाई ताक घेऊन आली. मुलगी, अंकिता, आत पुस्तकं दोरीने बांधत होती. नर्सिंगचं शेवटचं वर्ष, शेवटचा पेपर तीन मेला झाला. मे-पतुर म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

सही झाल्यावर मी जे म्हणायला आले होते ते म्हणाले. तात्याबा, माझ्या चुकीमुळे तुम्ही दोन महिने जास्त वाळूत राहिलात, मला माफ करा.

त्यांनी हात वर केला. "मला ठावं हुतं."

"काय?"

"कागद खोटा हाय, हे. दिवाळीपासनं खोकल्यातनं रगत पडत हुतं माझ्या. ही बी बघत हुती." अंबूबाई खाली बघत होत्या. "आन कागदावर 'दोष न्हाई'. म्हणलं, चुकून का हुईना, मिळालंय. पोरीची परीक्षा होईस्तवर गप बसायचं. तुमी माफी मागू नगा, ताई. तुमी मागितली की मला बी मागाय लागंल."

"कुणाची?"

"त्या लेथवरच्या पोराची." ते खाटेची दोरी चाचपत होते. "रांगेत शेजारी शेजारी हुतो आमी. मी ह्या टेबलाला, त्यो त्या टेबलाला. मग त्याला फुफ्फुसाचं म्हणून घरी बसवलं, तवा एका घटकंत कळलं मला, माझा कागद कुठं गेलाय त्ये. तुमाला मशीनमदी बघावं लागलं. मला नुस्ता हिशेब लागला. दोन महिनं मी त्या पोराच्या नावावर जगलो, ताई."

 चार दिवसांची मी, दोन महिन्यांच्या त्यांना काय सांगणार होते?

"त्याचा नंबर हाय का तुमच्याकडं?" त्यांनी विचारलं.

होता. मी लावून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांना तो नीट धरता येईना, म्हणून अंकिता बाहेर आली आणि तिने आवाज मोठा केला.

"दिग्विजय? मी तात्याबा, फौंड्रीतला." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, मला सांगितलं त्याहून कमी शब्दांत. "मला ठावं हुतं आन मी बोललो न्हाई. तुजं लगीन मोडलं माज्यामुळं."

 पलीकडून लेथ चालू असल्यासारखी घरघर येत होती, मग ती बंद झाली. मला वाटलं, त्याने फोन ठेवला. अंबूबाईंनी पदर तोंडावर धरला होता.

मग फोनमधून आवाज आला.

"आता खोकला कसा हाय, मामा?"

 तात्याबांनी फोन पोरीकडे दिला, आणि अंकिता बापाच्या तब्येतीचं एकेक करून त्याला सांगत राहिली.